दोन फडांमधली वाट : लोकरंजनाकडे पाहणाऱ्या वारकरी दृष्टीची पार्श्वभूमी

माझे आजोबा माळकरी होते. गावच्या जत्रेत तमाशाचा फड उतरला की ते कनातीच्या आत कधी गेले नाहीत. मात्र देवळाच्या पारावर बसून ते गण आणि गवळण शेवटपर्यंत ऐकत आणि बतावणी सुरू झाली की उपरणे खांद्यावर टाकून घराची वाट धरत. गणपतीचे स्तवन आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची कृष्णाने केलेली अडवणूक ही त्यांच्या लेखी ऐकण्याजोगी होती, त्यापुढचे नव्हते. ही रेषा त्यांनी स्वतः आखलेली नव्हती. ती त्यांना परंपरेने मिळाली होती. वारकरी घरांतली मुले आज नाटक, चित्रपट, मालिका आणि हातातल्या फोनवरचे कार्यक्रम यांविषयी ‘हे पाहावे की पाहू नये’ असे विचारतात, तेव्हा त्याच रेषेविषयी विचारत असतात. ती कोठून आली, तिला कोणी कोणी सरकवले आणि तिच्यामुळे कोणावर अन्याय झाला, हे समजल्याशिवाय त्या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही.

सुरुवात एका शब्दापासून करणे योग्य ठरेल. तमाशाच्या मंडळीला फड म्हणतात आणि पंढरपूरला वासकर, देहूकर अशा वारकऱ्यांच्या परंपरागत समूहांनाही फडच म्हणतात. कीर्तन ‘रंगले’ असे आपण म्हणतो आणि लावणीही ‘रंगली’ असेच म्हणतो. दोन्हीकडे मुख्य गाणाऱ्याच्या मागे साथीदार उभे असतात, ध्रुपद उचलून धरतात आणि चाल टिपेला नेतात. भक्ती आणि रंजन ही दोन वेगळी घराणी असून मागाहून एकमेकांच्या संपर्कात आली, असा जो समज दिसतो तो महाराष्ट्रापुरता तरी चुकीचा आहे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी गातात, अंबाबाईच्या गोंधळात संबळ वाजतो आणि रात्रभर आख्यान चालते. तेथे पूजा कोठे संपली आणि खेळ कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

संतांनी ही सरमिसळ तोडली नाही, तर तिचा उपयोग केला. कीर्तनाच्या रंगी नाचण्याची आणि त्यातून जगात ज्ञानदीप लावण्याची भाषा नामदेवांनी केली, तीत नाचणे आणि ज्ञान एकाच चरणात बसतात. नामदेवांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी पैठणच्या एकनाथांनी जे केले ते मला अधिक धाडसाचे वाटते. एकनाथ (१५३३–१५९९) संस्कृत विद्येत वाढलेले, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारे पंडित होते, आणि त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, पोतराज, कोल्हाटीण अशा, दारोदार व चव्हाट्यावर पोट भरणाऱ्यांची सोंगे उचलून त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले. त्यांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा असतो. भवानीला रोडगा वाहण्याचा नवस करणारी सून सासू-सासऱ्यांपासून सुटका मागते आणि ऐकणारी सभा हसता हसता अहंकार-ममतेच्या रूपकापर्यंत येऊन पोहोचते. हे हसू टाळून एकनाथांचे तत्त्वज्ञान पोहोचवता आले नसते असे नाही. तथापि ज्याच्यापर्यंत ते पोहोचायचे होते तो माणूस हसणाराच होता. सोंग घेणाऱ्याला देवळाबाहेर ठेवायचे नाही, त्याचे सोंगच देवळात आणायचे, ही भूमिका वारकरी विचारातील पहिली आणि, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची आहे.

मग विरोध कशाला होता? समर्थ रामदासांच्या दासबोधात चौदाव्या दशकात कवित्व आणि कीर्तन यांची चर्चा येते, तेथे याचे एक स्पष्ट उत्तर मिळते. कवित्वाचे ढीठ, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगून ते मनाला येईल ते रचणाऱ्या आणि पाठांतराच्या बळावर जुळवणाऱ्या कवींपेक्षा, ज्याला भगवंताशिवाय दुसरे काही सुचत नाही त्याच्या काव्याला वर ठेवतात. त्याच दशकात हरिकथेविषयी ते सांगतात की नवरसांपैकी शृंगाराचा एक रस सोडावा, कारण स्त्रियांच्या लावण्याचे वर्णन ऐकून श्रोत्याचे धैर्य तत्काळ ढळते. या उपदेशात स्त्रीकडे केवळ विकाराचे कारण म्हणून पाहिले गेले आहे, ही त्याची मर्यादा आजच्या वाचकाने नजरेआड करू नये. परंतु कलेची परीक्षा तिच्या विषयावरून करू नये, ती ऐकून उठताना श्रोत्याचे मन कोठे असते यावरून करावी, हा त्यातला निकष आजही उपयोगाचा आहे.

तुकाराम महाराजांचा निकष आणखी वेगळा आणि अधिक अवघड आहे. त्यांचा रोख विषयाकडे नसून व्यवहाराकडे आहे. ‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें’ या अभंगात ते कीर्तनकाराला यजमानाकडचे जेवण, कपाळी लावलेला बुका, गळ्यात घातलेली माळ, इतकेच काय बैलासाठी दाणा-चाराही नाकारायला सांगतात आणि शेवटी द्रव्य घेणारा व देणारा दोघांनाही नरकाची वाट दाखवतात. बुक्याचीही मोजदाद करणारा हा नियम कठोर वाटतो, पण त्यामागची दृष्टी कळली की त्याची गरज पटते. जे विकले जाते ते हळूहळू घेणाऱ्याच्या आवडीप्रमाणे बदलते, आणि हरिकथा श्रोत्याच्या आवडीप्रमाणे बदलू लागली की ती हरिकथा उरत नाही. लोकरंजनाविषयी वारकरी विचाराने उभे केलेले बहुतेक प्रश्न या एका अभंगात बीजरूपाने आहेत, असे मला वाटते.

या विचारात नाचगाण्यावर जगणाऱ्या माणसाचे स्थान काय होते, हे पाहण्यासाठी कान्होपात्रेकडे वळावे लागते. पंधराव्या शतकातील मंगळवेढ्याच्या श्यामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. परंपरा सांगते की तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला बोलावणे धाडले, तेव्हा ती पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांशी आली आणि तेथेच तिने प्राण सोडला. तिचा देह मंदिराच्या आवारात पुरला आणि त्या जागी तरटीचे झाड उगवले, असे मानतात. वारकऱ्यांनी तिला संतमालिकेत बसवले आणि तिचे अभंग जपले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तिची कुळी पुसून टाकून, तिला एखाद्या प्रतिष्ठित घराची लेक ठरवून ही स्वीकृती झाली नाही. ती गणिकेची मुलगी म्हणूनच संत झाली. गावोगावच्या माळकऱ्यांनी पुढे तमाशातल्या स्त्रियांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर कान्होपात्रेला जवळ करणाऱ्या परंपरेशी इमान राखणारी नव्हती, हे मान्य करायला हवे.

गोव्यात हाच प्रश्न दुसऱ्या धर्माच्या अंगणात उभा राहिला. पोर्तुगीज सत्तेखाली ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांपासून तोडण्यात आले होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेल्या आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच असा प्रसंग आहे की एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरी का देत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हजारो मराठी ओव्यांत बायबलची कथा आली. कथा, गायन आणि सामुदायिक श्रवण यांची भूक केवळ मनाई करून भागत नाही, हे त्या अनाम प्रश्नकर्त्याने चारशे वर्षांपूर्वी आपल्या धर्मगुरूंना सांगितले होते.

पेशवाईच्या उत्तरार्धात कीर्तन आणि तमाशा हे दोन फड एकमेकांच्या इतके जवळ आले की काही माणसे आयुष्यात दोन्हींकडे उभी राहिली. सोलापूरचे राम जोशी हे पुराणिक-कीर्तनकारांच्या घरातले. संस्कृतज्ञ असूनही ते डफावर लावणी म्हणू लागले, घराला पारखे झाले आणि उत्तर आयुष्यात पुन्हा कीर्तनाकडे वळले. संगमनेरच्या अनंत फंदींविषयी असे सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तमाशाऐवजी कीर्तन करण्याचा उपदेश केला आणि त्यांनी डफ बाजूला ठेवला. ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको’ हा त्यांचा फटका त्यानंतर शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचला. होनाजी बाळाची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. शृंगारिक लावण्यांसाठी ख्यात असलेल्या या शाहिराने ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही भूपाळी रचली, आणि ज्या घरांत लावणीचा शब्द उच्चारला जात नसे त्या घरांत पहाटे देवासमोर ती म्हटली जाऊ लागली. म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना ती कोणाची हे ठाऊक होते, कोण जाणे. तमाशाचा गण-गवळण-बतावणी-लावणी-वग हा क्रमही याच मिश्रणाची साक्ष देतो. माझ्या आजोबांना पारावर बसून जे ऐकता येत असे, ते तमाशाने देवाधर्माच्या नावाने राखून ठेवलेले दालन होते.

परंतु त्या दालनाला एक वेगळाच आक्षेप नंतरच्या काळात घेतला गेला, आणि तो भाविकांकडून आला नाही. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला पण त्यातील देवस्तुती आणि गौळणींची छेडछाड यांना नव्या आशयाने बदलले. पुढे आंबेडकरी जलशांनी हेच काम अधिक नेटाने केले. तमाशात नाचणाऱ्या स्त्रिया आणि वाजवणारे पुरुष प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील होते आणि पाहणारे बहुधा वरच्या जातींतील. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांनी देऊ केलेला तमाशाच्या खेळाचा पैसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारला, कारण तो दलित समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता, असे सांगितले जाते. कीर्तनाच्या द्रव्याविषयी तुकोबांनी विचारलेला प्रश्न येथे निराळ्या, अधिक वेदनादायक रूपात पुन्हा आला. भाविक माणसाने मनोरंजनाविषयी विचार करताना ‘माझे मन मलिन होते का’ एवढेच विचारले आणि ‘माझ्या रंजनासाठी कोणाला काय सोसावे लागले’ हे विचारले नाही, तर त्याचा विचार अर्धाच राहतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ धार्मिक आख्यानानेच झाला. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्याला कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळीचे खेळ निमित्त झाले होते. सूत्रधार, विदूषक, गणपती-सरस्वतीचे स्तवन, राक्षसांचा आरडाओरडा या सर्वांत कीर्तनाची आणि दशावताराची खूण होती. पुढे १८८० मध्ये किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून संगीत नाटक उभे राहिले, आणि पौराणिक विषय असला तरी प्रेक्षक गाण्यासाठी येऊ लागले. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त महाभारतातील प्रसंगाआड इंग्रज व्हाइसरॉय कर्झनची राजवट ओळखली गेली आणि सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. पुराणकथा या काळात एकाच वेळी भक्तीचे, करमणुकीचे आणि राजकारणाचे वाहन झाली होती.

आणि मग १९३१ मध्ये बालगंधर्व ‘संत कान्होपात्रा’ म्हणून रंगमंचावर उभे राहिले. बादशहासमोर नाचण्यापेक्षा मरण पत्करलेल्या स्त्रीचे चरित्र तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, एका पुरुष नटाच्या देहातून, उंची शालूंच्या आणि अत्तराच्या वैभवात सादर होत होते. असे असूनही त्यातील अभंग ऐकून नाट्यगृहात माणसे रडत आणि ते अभंग घराघरांत गेले. वरवर पाहता यात विसंगती आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या असंख्य मराठी माणसांना कान्होपात्रेचे नाव या नाटकामुळे कळले, त्यांच्यासाठी रंगभूमीने त्या वेळी कीर्तनकाराचे काम केले.

चित्रपटाच्या बाबतीत तर भक्ती ही जन्मापासूनच सोबत होती. दादासाहेब तोरणे यांचा १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवलेला चित्रपट पुंडलिकाच्या आख्यानावर होता, म्हणजे मराठी माणसाने चित्रफितीवर आणलेल्या पहिल्या गोष्टींत पंढरपूरची वीट होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले आहे की मुंबईतल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताचे चरित्र डोळ्यांसमोरून सरकत असताना त्यांना मनातल्या मनात श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, त्यांचे गोकुळ आणि त्यांची अयोध्या दिसत होती. एका धर्माची कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या भाविकाला स्वतःच्या देवाची ओढ लागावी, ही घटना मला मराठी सांस्कृतिक इतिहासातील अतिशय सुंदर घटनांपैकी एक वाटते. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. स्त्रीपात्रासाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला फाळक्यांनी तारामती केले. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातले काढून हात जोडत, अशा आठवणी नोंदलेल्या आहेत. नटाला देव मानण्याच्या या भोळेपणाची सुशिक्षितांनी पुढे पुष्कळ थट्टा केली. रामलीलेत, दशावतारात आणि उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितात सोंग घेतलेल्या माणसाला तेवढ्या वेळेपुरता नमस्कार करण्याची रीत शतकानुशतके होती; पडद्यासमोर हात जोडणारा माणूस तीच रीत पाळत होता.

हरिश्चंद्राच्याच कथेचा एक धागा महात्मा गांधींकडे जातो. लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनाचा कसा ठाव घेतला, हे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्याच गांधीजींनी १९२७ मध्ये सरकारी चित्रपट समितीला कळवले की आपण एकदाही चित्रपटगृहात गेलो नाही, परंतु त्याने होणारा अपाय बाहेरच्या माणसालाही उघड दिसतो. पुढे १९४४ मध्ये जुहू येथे मुक्कामी असताना त्यांनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला, तो त्यांनी पाहिलेला एकमेव हिंदी चित्रपट. मला गांधीजींचे १९२७ चे मत पटत नाही. ज्या मुलाला नाटकाने सत्याची ओढ लावली, त्याने प्रौढपणी त्याच जातीच्या दुसऱ्या माध्यमाला न पाहताच दोषी ठरवावे, हे त्यांच्या स्वतःच्या अनुभवाशीही जुळत नाही.

मराठी भाविकाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने. १९२९ मध्ये कोल्हापूरला स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात कंपनीने त्याआधीच एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला होता. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, आणि गांधीजींची आठवण होईल म्हणून ते सेन्सॉरने बदलायला लावले. ‘संत तुकारामा’चे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. विठ्ठलभक्तीचा हा सर्वांत लाडका चित्रपट घडवणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, ही गोष्ट शेख महंमदांना संत मानणाऱ्या परंपरेला नवी नव्हती. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातील निवडक चित्रपटांत गणला गेला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीपात्रे करीत. या चित्रपटानंतर लोक त्यांच्या पाया पडू लागले.

या चित्रपटात सालोमालो हे खलपात्र तुकोबांचे अभंग आपले म्हणून मिरवते. हे नाव पटकथाकाराने काढलेले नाही, ते गाथेतूनच आलेले आहे, कारण प्रत्यक्ष तुकोबांनी अभंगांची मोडतोड करणाऱ्या सालोमालोबद्दल संताप व्यक्त केला आहे. याच चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ हा अभंग स्वतः रचला, आणि तो इतका तुकोबांसारखा उतरला की जाणकारही तो गाथेत शोधू लागले. एकाने तुकोबांचे शब्द स्वतःच्या नावावर घेतले आणि दुसऱ्याचे शब्द लोकांनी तुकोबांच्या नावावर जमा केले. आठवल्यांच्या नम्रतेला तर रामदासांचा प्रासादिक हा शब्द लावावासा वाटतो. आजोबांनी आयुष्यात पाहिलेला हा एकच चित्रपट, तोही फिरत्या टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून. गरुडावर बसून तुकोबा वैकुंठाला जातात तेव्हा तंबूत जयघोष झाला, असे ते सांगत. परंतु ज्या प्रसंगाविषयी ते पुन्हा पुन्हा बोलत तो निराळाच होता. घरात दाणा नाही म्हणून आवली विठ्ठलाला शिव्या घालते आणि तरीही डोंगरावर नवऱ्याला भाकरी घेऊन जाते, ती बाई त्यांना खरी वाटली होती. मलाही वाटते की इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या आणि आकाशातले विमान यांपेक्षा गौरी या अभिनेत्रीने साकारलेली ती आवलीच त्या चित्रपटाला भक्तीच्या जवळ नेते. चित्रपटाला चमत्कार दाखवणे सोपे असते, म्हणून तो चमत्काराकडे झुकतो, आणि मग प्रेक्षकाच्या मनात संत म्हणजे चमत्कार करणारा एवढेच उरते. पुढच्या अनेक संतपटांत आणि मालिकांत हा झुकाव वाढत गेला.

रेडिओने दिलेले उदाहरण थोडक्यात सांगता येईल, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचे शब्द व सुधीर फडक्यांचे स्वर घराघरांत ऐकले जाऊ लागले. त्याच माडगूळकरांनी १९५९ मध्ये पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चाललेल्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाची लावणी लिहिली. होनाजी बाळाची लावणी आणि भूपाळी एका हातून झाली, तसेच हे झाले. ही दोन्ही गीते ऐकणारा श्रोता बहुतेक वेळा एकच होता, आणि त्याला त्यात अडचण वाटली नाही.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा दूरचित्रवाणी संचाला हार घालणारी, पडद्यापुढे उदबत्ती लावणारी घरे महाराष्ट्रातही होती. त्या मालिकेने पुष्कळ मुलांना रामकथा दिली. तिने रामकथेचे एकच रूप सर्वांच्या मनात पक्के केले, हेही तितकेच खरे आहे. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास सांगणाऱ्या बायका रामालाही जाब विचारत; त्या सीतेचा आवाज पडद्यावर क्वचितच ऐकू आला.

दुसरीकडे उत्सवांचे स्वरूप बदलत होते. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जे वळण दिले, त्यात मेळे, पोवाडे, व्याख्याने आणि कीर्तने यांना जागा होती, म्हणजे करमणूक तेव्हाही होतीच. नंतर ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील आवाजावर बंधन घालण्याचे काम ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांना व न्यायालयांना करावे लागले. देवाच्या नावाने केलेल्या आवाजाला आवर घालण्यासाठी न्यायालयात जावे लागणे हे भाविकांनाच अधिक लागायला हवे होते. आजारी माणसाच्या खिडकीशी चालणारे संगीत कोणत्याही रसात बसत नाही, आणि त्या मिरवणुकीत गाणे भक्तिगीत आहे की सिनेमातले, याने काहीच फरक पडत नाही.

आजचा सर्वांत नाजूक प्रश्न मात्र चित्रपटाचा किंवा मालिकेचा नसून खुद्द कीर्तनाचा आहे. १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती कीर्तनकाराला संतवाङ्मयाचा पाया मिळावा म्हणून. तेथील पद्धतीत एक अभंग घ्यायचा, त्याचे चरण क्रमाने सोडवायचे, प्रत्येक विधानाला संतवचनाचे प्रमाण द्यायचे, अशी शिस्त आहे. आता कीर्तनाच्या तारखा वर्षवर्ष आधी ठरतात, बिदागीचे आकडे गावागावांत चर्चिले जातात, आणि दोन-अडीच तासांच्या निरूपणातून विनोदाची दोन मिनिटे कापून फोनवर फिरवली जातात. कीर्तनात हसू असू नये असे एकनाथांच्या परंपरेत कोणी म्हणू शकत नाही. परंतु भारुडातले हसू रूपकाकडे नेत असे, आणि कापलेल्या दोन मिनिटांत रूपक येतच नाही. उरते ती सुनेची, शिकलेल्या मुलीची, शेजाऱ्याची थट्टा. कीर्तनकारांनाही घर चालवायचे असते, प्रवासखर्च आणि टाळकरी-मृदंगवादकांचे पोट असते, हे मी विसरत नाही. तुकोबांनी तो नियम लिहिला तेव्हाही हे सर्व होते, आणि स्वतः त्यांच्या घरात तर उपास होता. प्रश्न बिदागी घ्यावी की नाही एवढ्यावर थांबत नाही. पुढची तारीख मिळावी म्हणून कीर्तनकाराने श्रोत्यांना आवडेल तेच बोलायचे ठरवले आहे का, हे त्याच्याखेरीज दुसरे कोणी ओळखू शकत नाही.

कीर्तनाच्या रचनेत मात्र एक माणूस अजूनही जुन्याच जागी उभा आहे. कीर्तनकाराच्या जवळच गळ्यात वीणा घालून विणेकरी पहिल्या जयघोषापासून शेवटच्या आरतीपर्यंत उभा असतो. तो निरूपण करीत नाही, टाळ्या घेत नाही, आणि पंगतीखेरीज त्याच्या वाट्याला बहुधा काही येत नाही. वीणा जमिनीवर ठेवायची नसते. पहारा बदलताना दुसरा वारकरी पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. हे सर्व चालू कीर्तनात, सभेचे लक्ष दुसरीकडे असताना घडते, आणि फोनवर फिरणाऱ्या त्या दोन मिनिटांच्या चौकटीत ते येत नाही.